तीस लाख पावलं

मीटरवाल्याला सगळ्या गल्ल्या ओळखत, पण त्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. बेल वाजली की आतून कुणीतरी ओरडायचं, "मीटरवाले आले, कुत्रं बांधा!" आणि हा दारात टॉर्च काढून उभा. एकवीस वर्षं त्याने हेच केलं होतं. जिन्याखाली वाकायचं, जळमटं बाजूला सारायची, काचेमागचे आकडे वाचायचे, टिपून घ्यायचे आणि पुढच्या दाराकडे वळायचं. बायको म्हणायची, "यांना माझा वाढदिवस आठवत नाही, पण तिसऱ्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरचं मागच्या महिन्याचं रीडिंग विचारा, धाड धाड सांगतील."

डावा पाय गेला तोही याच कामात. एका गोदामात मीटर उंचावर होतं आणि तिथे पोचायला लोखंडी शिडी भिंतीत बसवलेली होती. नऊ वर्षं तो त्या शिडीवर चढत होता. एका सकाळी वरून दुसरी पायरी पायाखालून नाहीशी झाली. वाकली नाही, करकरली नाही, सरळ तुटली. खाली ठेवलेल्या एका यंत्राच्या कडेवर त्याचं पाऊल चेचलं, जखम चिघळली आणि दीड महिन्याने डॉक्टरांनी गुडघ्याखाली वीतभर ठेवून पाय कापला.

पाय गेल्याचं दुःख त्याने केलं, आणि तेही हळूहळू ओसरलं. शिडी मात्र मनातून जाईना. कालपर्यंत वजन पेलणारी पायरी आजच का तुटली? आदल्या दिवशी तिच्यात काहीच दिसलं कसं नाही? हे त्याने कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर लोक नशीब म्हणून मोकळे झाले असते, आणि तेवढ्याने त्याचं समाधान होणार नव्हतं.

नवा पाय त्याला कृत्रिम पाय बनवणाऱ्या केंद्रात मिळाला. तिथल्या बाईंच्या हाताला कायम प्लास्टरचे पांढरे डाग असायचे, चष्मा कपाळावर चढवलेला असायचा आणि बोलणं मोजकं. त्यांनी कापलेल्या पायाच्या खुंटाचा साचा घेऊन त्यावर खुंट आत बसेल असं प्लास्टिकचं सॉकेट बनवलं. सॉकेटच्या खाली ॲल्युमिनियमची नळी, नळीच्या खाली रबरी पाऊल. पाच महिन्यांत मीटरवाला कामावर परत आला. पँट घातली की नव्या माणसाला पत्ताही लागत नसे. बावीस महिने त्या पायाने कधी कुरकुर केली नाही.

मग एके दिवशी तो खुंटावर घालायचे मोजे आणायला केंद्रात गेला आणि जाता जाता त्याने सहज विचारलं, "बाई, हा पाय टिकेल ना बरेच दिवस?"

बाई एका आजोबांच्या पायाभोवती ओल्या पट्ट्या गुंडाळत होत्या. प्लास्टर घट्ट व्हायच्या आत काम उरकायचं होतं. मान न वळवता त्या म्हणाल्या, "अहो, यंत्रावर तीस लाख वेळा दाबून पास केलेले पाय आहेत हे. काय घाबरताय!"

त्या बोलल्या होत्या धीर द्यायला. झालं भलतंच.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मीटरवाल्याने हिशेब मांडला. हे त्याला न करणं शक्यच नव्हतं, आकडा कानावर पडला की डोकं आपोआप चालू व्हायचं. कामाच्या दिवशी डाव्या पायाची सहा हजार पावलं तरी पडत असणार. सुट्टीच्या दिवशी दोन हजार धरू. महिन्याचे झाले एक लाख छप्पन्न हजार. गुणिले बावीस. चौतीस लाख त्रेचाळीस... नाही, चौतीस लाख बत्तीस हजार.

तीस लाख कधीच मागे पडले होते. यंत्रानेसुद्धा जिथे हात टेकले, त्याच्या पुढे तो तीन महिने चालत होता, आणि तेही जिने चढत, गटारं ओलांडत.

उतरायचा थांबा आला तरी त्याला उठवेना. कंडक्टर म्हणाला, "काका, शेवटचा स्टॉप येईपर्यंत बसणार का?" तेव्हा कुठे दांडी घट्ट धरून तो खाली उतरला. डावं पाऊल जमिनीवर टेकताना त्याने श्वास रोखून धरला होता.

त्या दिवसापासून मीटरवाल्याने पावलं वाचवायला सुरुवात केली. घरात आल्या आल्या पाय काढून ठेवायचा आणि स्वयंपाकघरापर्यंत भिंतीला धरून लंगडी घालत जायचं. उंच इमारती एका सहकाऱ्याला देऊन बैठ्या घरांची गल्ली मागून घेतली. संध्याकाळी बायकोबरोबर बागेपर्यंत चक्कर मारायची सवय होती, तीही मोडली.

"माझ्याबरोबर चालायचा कंटाळा आला का?" बायकोने एकदा विचारलंच. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असे. दिवसभर अनोळखी माणसांची दुखणी ऐकून घरी आल्यावर आपल्या माणसाने तोंड शिवून बसावं, हे तिला टोचायचं.

"कंटाळा कसला? जरा दमतो."

"मग डॉक्टरांकडे चला."

"उगाच काय डॉक्टर!" तो खेकसला, आणि खेकसल्याबद्दल त्याचं त्यालाच वाईट वाटलं. पण सांगणार काय? चालताना पाय मोडेल म्हणून चालत नाही, असं? शिडीवरून पडला त्या दिवशी दवाखान्याच्या दारात बायकोचा चेहरा कसा झाला होता, ते तो विसरला नव्हता. तो चेहरा पुन्हा बघायची त्याच्यात हिंमत नव्हती.

आणि मग पायातून आवाज येऊ लागला.

टिक. पाऊल टेकलं की टिक. तीन-चार पावलं काहीच नाही, मग परत टिक. रस्त्यावरच्या गोंगाटात तो ऐकू येत नसे, पण जिन्याखालच्या शांत कोपऱ्यात मीटरसमोर उभं राहून त्याने वजन इकडून तिकडे टाकलं, की स्पष्ट ऐकू येई. त्याच्या हातापायांना मुंग्या यायच्या. हातापायांना म्हणजे डाव्यालासुद्धा, जो तिथे नव्हता.

केंद्रात जाऊन दाखवावं, हे साधं होतं. पण तिथे गेलं आणि बाई म्हणाल्या, "संपला हा, आता वापरायचा नाही," तर? नवा येईपर्यंत पुन्हा कुबड्या, पुन्हा बिनकामाचं घरी बसणं. भीतीने त्याला दोन्हीकडून धरलं होतं. चालायची भीती आणि दाखवायची भीती.

शेवटी तो मेव्हण्याशी बोलला. बायकोचा हा धाकटा भाऊ घराघरांत कपाटं बसवायचा आणि जगातली कुठलीही गोष्ट दोन पट्ट्या आणि चार स्क्रूंनी दुरुस्त होते, अशी त्याची ठाम समजूत होती.

"दाजी, नळीच आहे ना?" नळीवर टिचकी मारून तो म्हणाला. "मागच्या बाजूने पोलादी पट्टी मारा. दोन स्क्रू वर, दोन खाली. मग खुशाल हत्ती उभा करा!"

"तुझ्या ताईला बोलू नकोस."

"मी कशाला बोलतोय? मला जेवायला यायचंय इथे."

त्याने ड्रिल आणि पट्टी ठेवली आणि तो कामावर निघून गेला. दुपारी बायको दुकानात असताना मीटरवाल्याने पाय मांडीवर आडवा घेतला. नळी गोल होती. ड्रिलचं टोक दोनदा घसरलं आणि चकचकीत ॲल्युमिनियमवर लांब ओरखडे उठले. खालचं एक भोक तर वेडंवाकडंच पडलं, कडेला धातूची टोचरी कुसं तशीच राहिली. त्याने स्क्रू आवळले, पट्टी हलवून पाहिली. तसूभरही हलली नाही.

त्या संध्याकाळी तो आपण होऊन म्हणाला, "चल, बागेपर्यंत जाऊन येऊ."

बायकोने त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि चपला घातल्या. टिक टिक चालूच होती, पण आता पट्टी होती. पुढचे सात आठवडे बरे गेले. उंच इमारतीही त्याने परत मागून घेतल्या.

आठव्या आठवड्यात तो एका पाच मजली इमारतीत शिरला. लिफ्ट नव्हती. प्रत्येक मजल्यावर जिन्याच्या वळणाशी मीटरची पेटी होती. चौथ्या मजल्यावरचे आकडे टिपून तो वर जायला वळला, डावं पाऊल मागे राहिलं, टाच उचलली गेली, सगळं वजन चवड्यावर आलं, आणि पायातून आवाज आला.

टिक नव्हे. कर्र.

तो जागच्या जागी थिजला. पाऊल किंचित पुढे झुकल्यासारखं वाटत होतं. एका हाताने कठडा घट्ट धरून दुसऱ्या हाताने त्याने पँट वर ओढली आणि पट्टीच्या कडेने बोट फिरवलं. खालच्या स्क्रूपाशी नख अडकलं. तिथे एक रेघ होती. बारीक, आडवी, नळीच्या मागून बाजूकडे गेलेली. वजन थोडं टाकलं की रेघेची फट उघडायची, काढलं की मिटायची.

वर जाणं शक्य नव्हतं. खाली बहात्तर पायऱ्या होत्या, हे त्याला चढतानाच ठाऊक झालं होतं. कठड्यापलीकडे जिन्याच्या मधल्या पोकळीतून तळमजल्याच्या फरशा दिसत होत्या, काळ्या-पांढऱ्या, लहान लहान. त्याने डोळे मिटले तर शिडी दिसली. उघडले तर फरशा. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला कठडा सोडावा लागला असता. मदतीला हाक मारायची म्हटलं, तर तोंडातून शब्द फुटेना.

किती वेळ तो तसा उभा होता कोण जाणे. शेवटी उजवा गुडघा वाकवत, पाठ भिंतीला घासत तो खाली बसला. पट्टे सोडले, पाय काढून छातीशी धरला, आणि लहान मूल उतरतं तसा बुडावर बसून एकेक पायरी खाली सरकू लागला.

दुसऱ्या मजल्याखाली एक बाई बादली घेऊन वर येत होती. ती थबकली.

"काय हो, काय झालं?"

"मीटर बघतोय," त्याच्या तोंडून निघून गेलं.

"पायरीवर?" बाई म्हणाली, आणि मग तिला त्याच्या हातातला पाय दिसला. बादली तिथेच ठेवून ती खाली धावली आणि तिने तळमजल्यावरच्या घरातून खुर्ची आणली. त्या खुर्चीवर बसून मीटरवाल्याने बायकोला फोन लावला. "कुबड्या घेऊन ये," एवढंच तो बोलू शकला.

बायको दुकानाचा पांढरा कोट अंगावर तसाच ठेवून आली. तिचा चेहरा दवाखान्याच्या दारात झाला होता तसाच झालेला होता. जे टाळण्यासाठी त्याने एवढा खटाटोप केला, तेच समोर उभं होतं. मग लपवण्यासारखं काही उरलं नाही. तीस लाख, टिक टिक, मेव्हण्याचं ड्रिल, पट्टी, सगळं त्याने केंद्राकडे जाताना गाडीत बसल्या बसल्या सांगून टाकलं.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "माझ्या भावाला जेवायला येऊ दे एकदा." पुढच्या सबंध रस्त्यात ती एवढंच बोलली. पण त्याचं मनगट तिने सोडलं नव्हतं.

केंद्रातल्या बाईंनी पट्टी पाहिली आणि चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "हे कोणी केलं?"

मीटरवाल्याने मान खाली घातली.

त्यांनी स्क्रू काढले. नळी पुसून तिच्यावर लाल रंगाचा पातळ द्रव फवारला, थोड्या वेळाने पुसून टाकला आणि वरून तडे दाखवणारी पांढरी पूड मारली. तिघेही बघत उभे राहिले. पांढऱ्यावर हळूहळू लाल रेघ उमटू लागली. खालच्या वेड्यावाकड्या भोकाच्या एका कडेतून निघून ती नळीला वळसा घालत गेली होती, दुसऱ्या कडेतूनही निघाली होती. वरच्या भोकांपाशीही केसाएवढ्या बारीक दोन रेघा उमटल्या.

"एक तृतीयांश नळी फाटलीय," बाई हळूच म्हणाल्या. त्यांचाही आवाज जरा बदलला होता.

"पण मी तर मजबुती दिली होती..."

बाईंनी टेबलावरचं शांपूचं छोटं पाकीट उचललं. "हे फाडा बरं मधून."

मीटरवाल्याने ओढलं, पिळलं. फाटेना.

"आता कडेला खाच आहे, तिथून." ते सरकन फाटलं. "पाकीट तेच, तुमचा जोर तोच. सबंध कडेवर जोर पसरतो, तेव्हा तो कुठेच फार नसतो. खाच आली की सगळा जोर तिच्या टोकाशी गोळा होतो. तुम्ही नळीला चार खाचा दिल्या, आणि त्याही मागच्या बाजूला. माणूस चवड्यावर येतो तेव्हा प्रत्येक पावलाला नळीची मागची बाजू ताणली जाते. ती पोलादी पट्टी जोर उचलत होती खरी, पण तो नळीत परत सोडत होती कुठून? त्याच भोकांच्या कडेतून."

"आणि आधीचा तो आवाज?"

बाईंनी रबरी पावलाचं आवरण सोडवलं आणि कागदावर झटकलं. चिमूटभर वाळू पडली. "आतला भाग हिच्यावर घासत होता. मला दाखवलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं."

बायकोने तोंड दुसरीकडे वळवलं. ती हसतेय की रडतेय, ते मीटरवाल्याला कळेना.

"मग ते तीस लाख?" त्याने विचारलं.

बाई स्टूल ओढून त्याच्यासमोर बसल्या. "ती माझी चूक. तुम्ही मनापासून विचारलंत आणि मी घाईत तोंडाला येईल ते बोलले. ऐका आता. यंत्रावर नळीला तुमच्यापेक्षा खूप जड माणसाचा जोर देतात, तोही सगळ्यात वाईट बाजूने. तीस लाख झाले की यंत्र बंद करतात. पाय मोडला म्हणून बंद करत नाहीत, परीक्षा तेवढ्याच मार्कांची असते म्हणून. तुमचं वजन अठ्ठावन्न किलो. या नळीला तुमचा भार म्हणजे काहीच नाही. धातू थकतो, हे खरं आहे. पण किती लवकर थकेल हे त्याच्यावर जोर किती येतो, यावर असतं. थोडा कमी केला तरी आयुष्य कितीतरी पटीने वाढतं. अमर मात्र काहीच नाही, म्हणून दर सहा महिन्यांनी मला येऊन दाखवायचं."

मग जे कधी कुणाला विचारलं नव्हतं, ते मीटरवाल्याने बाईंना विचारलं. शिडीची पायरी.

"जोडाशी तडा असणार," बाई म्हणाल्या. "वेल्डिंगच्या कडेला बहुतेक. वर रंग लावलेला असतो, दिसत नाही. तुम्ही दर महिन्याला चढलात, इतरही चढले, आणि तो केसाकेसाने वाढला. तुटली त्या दिवशी, पण तुटत होती कित्येक वर्षं."

मीटरवाल्याने डोळे मिटले. हे ऐकून बरं वाटलं, की आजवर बिनधास्त धरलेल्या प्रत्येक कठड्याची भीती वाटली, ते त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

"अजून किती टिकली असती नळी? आज मी वर गेलो असतो तर?"

बाई नवी नळी कापायला आत गेल्या.

चार दिवसांनी नवा पाय तयार झाला. केंद्रातल्या एका खोलीत दोन लांब आडव्या दांड्या होत्या. नवा पाय घातलेला माणूस त्यांच्या मधून, दोन्हीकडे हात टेकत चालायला शिकतो. मीटरवाल्याला पाय चढवला, पट्टे आवळले, उंची जुळवली. "चला," बाई म्हणाल्या.

तो उभा राहिला आणि उभाच राहिला. दांड्यांवर बोटं पांढरी पडली होती. सगळं समजलं होतं, पाकीट, खाच, वाळू, आणि त्या समजण्याचा पायाला काही उपयोग नव्हता. डावं पाऊल उचलून टेकवलं की खाली काळ्या-पांढऱ्या फरशा असतील, असं त्याला वाटत होतं.

"घाई नाही," बाई म्हणाल्या, आणि डबा उघडून कोपऱ्यात जेवायला बसल्या. बायको भिंतीशी बाकावर पिशवी शेजारी ठेवून बसली होती. दहा मिनिटं गेली, वीस गेली. त्याच्या पाठीवर शर्ट चिकटला होता.

तेवढ्यात दारातून एक म्हातारी आत आली. काठी टेकत, बाजूच्या खोलीत नुकताच चढवलेला उजवा पाय जड टाकत ती दांड्यांपर्यंत पोचली आणि मीटरवाल्याकडे बघत उभी राहिली. आज तिच्या नव्या पायाचा पहिला दिवस होता. तिनेही घाबरून जीव मुठीत धरला होता. पण तिला जागा हवी होती.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमचं झालं का? मला एकदाचं उरकून टाकू दे. जास्त वेळ थांबले तर मी पळून जाईन घरी."

मीटरवाल्याने तिच्याकडे पाहिलं. "झालं, आजी," तो म्हणाला. झालेलं काहीच नव्हतं.

त्याने उजवा हात सोडला. मग डावा. पहिलं पाऊल टेकताना त्याचे दात एकमेकांवर आवळलेले होते, दुसऱ्यालाही होते. दांड्या संपल्या, पुढे उघडी फरशी होती, धरायला काही नव्हतं. तो हळूहळू चालत बाकापर्यंत गेला. बायकोने पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि त्याला बसायला जागा केली.